सेलिब्रंट व्हायचं म्हणजे नेमकं काय करायचं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: मामा गेले, कुठलाही विधी नको असं त्यांनी सांगून ठेवलं होतं. निरोपाच्या वेळी कुणीच बोलायला उठेना म्हणून तुम्ही उठलात आणि दहा मिनिटं बोललात. नंतर तिघांनी येऊन विचारलं, "आमच्याकडे वेळ आली तर तुम्ही बोलाल का?" आता हे काम, म्हणजे धर्माशिवायचे समारंभ लिहून ते पार पाडणाऱ्या सेलिब्रंटचं काम, तुम्हाला रीतसर करायचं आहे. त्यासाठी काय शिकावं लागतं, परवाना लागतो का, आणि घरातली निम्मी माणसं श्रद्धाळू असताना धर्माशिवायचा समारंभ सगळ्यांना आपला कसा वाटावा, हे तुम्ही विचारलं आहे.

मी चौदा वर्षं हे काम करते आहे. लग्नं, बाळांची नामकरणं आणि सगळ्यांत जास्त अंत्यनिरोप. परवाना हा यातला सगळ्यांत सोपा भाग आहे, म्हणून तो नंतर घेते.

आधी कामाबद्दल. सूत्रसंचालक तयार कार्यक्रम पुढे नेतो, व्याख्याता स्वतःचं म्हणणं मांडतो. सेलिब्रंटला यातलं काहीच करायचं नसतं. तो घरच्यांना भेटतो, ऐकतो, त्यातून संहिता लिहितो, ती त्यांच्याकडून तपासून घेतो आणि मग त्यांच्या वतीने उभा राहतो. लोकांना दिसतात ती वीस-पंचवीस मिनिटं. त्यामागे एका अंत्यनिरोपाला माझे आठ-दहा तास जातात, लग्नाला त्याच्या दुप्पट. बोलण्याची हौस असलेली पुष्कळ माणसं या कामाकडे वळतात आणि वर्षभरात कंटाळून निघून जातात, कारण यातलं बोलणं फार थोडं आहे.

नवशिक्यांची ठरलेली चूक म्हणजे वजाबाकी. नेहमीचा धार्मिक विधी समोर ठेवायचा, त्यातला देव खोडायचा, मंत्र किंवा प्रार्थना खोडायची आणि उरलेल्या जागी एक कविता टाकायची. असा समारंभ बघणाऱ्याला सतत काहीतरी राहून गेल्यासारखं वाटतं, आणि ते वाटणं बरोबर असतं. धार्मिक विधी माणसांची बरीच कामं करत आला आहे. तो लोकांना एकत्र आणतो, आता उंबरठा ओलांडला हे सगळ्यांसमोर दाखवतो, साक्षीदार देतो, रिकाम्या हातांना काहीतरी करायला देतो आणि ज्यांना शब्द सुचत नाहीत त्यांना तयार शब्द पुरवतो. श्रद्धा नसली तरी या गरजा तशाच असतात. म्हणून विधीतली एखादी गोष्ट वगळण्यापूर्वी मी विचारते की ही इथे काय काम करत होती? उत्तर मिळालं की त्या कामासाठी या माणसांच्या आयुष्यातलं काहीतरी शोधता येतं.

ते शोधताना मी एकच कसोटी लावते: संहितेतलं प्रत्येक वाक्य या माणसांच्या बाबतीत खरं आहे का? सुरुवातीच्या काळातला एक अनुभव सांगते. एका आजींच्या निरोपात मी लिहिलं, "त्यांना फुलांची फार आवड होती." त्यांचा मुलगा पहिल्या रांगेत हसू दाबत होता. नंतर तो म्हणाला, "आईला फुलांनी शिंका यायच्या, घरात फूल आणलं की ओरडायची." आजींचा फोटो मी बागेत काढलेला पाहिला होता, बाकीचं मी जोडलं. वाक्य छान होतं, पण ते माझं होतं, त्यांचं नव्हतं. तेव्हापासून संहितेच्या समासात मी प्रत्येक वाक्यापुढे ते कुणी सांगितलं त्याचं आद्याक्षर लिहिते. ज्याच्यापुढे अक्षर नाही ते वाक्य जातं. सुंदर वाक्यं अशी बरीच जातात, आणि सवय होईपर्यंत जीव तुटतो.

खरी वाक्यं मिळवायची तर प्रश्न बदलावे लागतात. "त्या कशा होत्या?" असं विचारलं की प्रेमळ, कष्टाळू, हसतमुख असं उत्तर येतं, आणि ते कुणाच्याही आईला लागू पडतं. मी विचारते, "घरात शिरल्यावर त्या पहिल्यांदा काय करायच्या? खिशात, पर्समध्ये काय असायचं? कुठलं वाक्य आता तुमच्या तोंडी येतं आणि तुम्ही दचकता?" जोडप्याला मी "कसं जमलं?" विचारत नाही, ती गोष्ट त्यांनी शंभर वेळा सांगून गुळगुळीत केलेली असते. मी विचारते, "शेवटचं भांडण कशावरून झालं आणि आधी कोण बोललं?" या एका प्रश्नाने मला अर्धी संहिता दिली आहे. दोघांना काही प्रश्न वेगवेगळे पाठवते आणि एकमेकांची उत्तरं थेट समारंभातच ऐकवते. (काही लिहिलेलं जोडीदाराला आधी माहीत असावं असं वाटलं तर तसं कळवा, ही सूचना त्यात असते. समारंभात धक्के द्यायचे नसतात.)

कुटुंबाला भेटायला गेलात की कोपऱ्यात गप्प बसलेल्या माणसाकडे लक्ष ठेवा. बोलकी मुलगी सगळं सांगत असते आणि धाकटा भाऊ दाराशी उभा असतो. निघताना चपला घालताना तो एक वाक्य बोलतो, आणि बहुतेक वेळा समारंभाचा कणा तेच असतं. म्हणून वही पिशवीत टाकायची घाई करू नका.

लिहून झालेली संहिता घरच्यांना पाठवायचीच. नावं, नाती, साल, गावाचे उच्चार त्यांनी तपासले पाहिजेत. कागदावरचं नाव आणि हाकेचं नाव वेगळं असतं, कोणतं कधी वापरायचं तेही विचारून घ्या. मी मिनिटाला साधारण शंभर शब्द धरते, म्हणजे वीस मिनिटांना दोन हजार. इंग्लंडसारख्या ठिकाणी दाहगृहात प्रत्येक कुटुंबाला ठरावीक वेळ मिळतो, बहुतेकदा अर्धा ते पाऊण तास, आणि त्यातच आत येणं, संगीत आणि बाहेर पडणं बसवायचं असतं. तुमची पाच मिनिटं जास्त गेली तर ती पुढच्या कुटुंबाच्या दुःखातून कापली जातात.

मोठ्या टाइपात एकाच बाजूला छापा, पान वाक्याच्या मध्ये संपू देऊ नका, पानांना क्रमांक द्या आणि कडक पुठ्ठ्याच्या फाइलीत अडकवा. उघड्यावरच्या लग्नात वाऱ्याने उडालेली पानं गोळा करणारी सेलिब्रंट हे दृश्य मी पाहुण्यांना फुकट दाखवलं आहे. घरातलं कुणी वाचणार असेल तर त्याच्या मजकुराची एक प्रत माझ्याकडे असते. त्याचा आवाज फुटला तर मी शेजारी जाऊन उभी राहते. थोडं थांबूनही जमलं नाही तर तिथून पुढे मी वाचते, आणि हे त्याला आधीच सांगून ठेवलेलं असतं. ते माहीत असलं की बहुतेक जण शेवटपर्यंत वाचतात.

अवघड मृत्यूंबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण पहिल्या वर्षातच एखादा समोर येईल. गेलेला माणूस घरात सगळ्यांशी कठोर वागला असेल तर त्याला संत करू नका. समोर बसलेल्यांनी ते सोसलेलं असतं आणि त्यांना पुन्हा एकदा खोटं ऐकवलं जातं. "ते सोपे नव्हते, आणि या खोलीतल्या काही जणांना हे माझ्यापेक्षा चांगलं माहीत आहे" एवढं म्हटलं तरी खांदे सैल होतात. मात्र हे वाक्यही घरच्यांनी मान्य केलेलं हवं, तपशील उघडे करायचा हक्क आपला नाही. आत्महत्या असेल तर कशी केली हे सांगायचं नाही, एकच कारण देऊन मोकळं व्हायचं नाही, आणि "अखेर शांती मिळाली" असं तर मुळीच म्हणायचं नाही. समोर त्याच विचाराशी झगडणारं कुणी बसलेलं असू शकतं. जन्मताच गेलेल्या बाळाचा समारंभ छोटा ठेवा आणि त्याचं नाव पुन्हा पुन्हा घ्या. आईवडिलांना ते नाव मोठ्याने ऐकायच्या संधी फार थोड्या मिळणार असतात.

आता श्रद्धाळू नातेवाइकांचा प्रश्न. सर्वसमावेशक म्हणजे सगळ्या धर्मांचं थोडं थोडं, असा एक गैरसमज आहे. दोन ओळी इथून, दोन तिथून घेतल्या की श्रद्धाळूलाही ते उसनं वाटतं आणि नसलेल्यालाही. मी आत शिरताना साध्या शब्दांत सांगते की हा समारंभ धर्माशिवाय आहे, कारण ही दोघं तशी जगतात किंवा गेलेले तसे जगले. एवढंच. धर्मावर टोमणा नाही, विज्ञानावर व्याख्यान नाही, देव नाही हे पटवणं तर नाहीच. मृत्यूनंतर काय यावर मी काही बोलत नाही, मी बोलते ते जगलेल्या आयुष्याबद्दल. ज्याला आपलं मत गाजवायचं आहे त्याने सभा घ्यावी, कुणाच्या आईचा निरोप त्यासाठी वापरू नये.

मधे मी शांततेचा एखादा मिनिट ठेवते आणि म्हणते, "या वेळात आपापल्या आठवणींसोबत बसा, आणि ज्यांची श्रद्धा आहे त्यांनी मनातल्या मनात प्रार्थना केली तरी चालेल." मानवतावादी, म्हणजे देवधर्माचा आधार न घेता माणसाला केंद्रस्थानी मानणारे, बरेच सेलिब्रंट निरोपाच्या वेळी हे करतात. खोटं कुणालाच बोलावं लागत नाही आणि बाहेर कुणीच राहत नाही. आजोबांना आवडणारं एखादं भक्तिगीत लावायचं का, यावर आमच्यात मतभेद आहेत. माझी रेघ अशी: ते गाणं त्या माणसाच्या आयुष्याचा भाग असेल तर आठवण म्हणून वाजू दे, पण सगळ्यांकडून प्रार्थना म्हणवून घेणं माझं काम नाही. कुटुंबाला खरोखर प्रार्थनाच हवी असेल तर मी त्यांना त्यांच्या धर्मगुरूकडे पाठवते आणि त्यात मला कमीपणा वाटत नाही.

समावेश बारीकसारीक शब्दांतही असतो. "सर्वांनी उभे राहा" ऐवजी "ज्यांना जमेल त्यांनी". खुणांच्या भाषेचा दुभाषा माझ्या शेजारी, उजेडात, आणि संहिता त्याला दोन दिवस आधी. घटस्फोटित आईवडील कुठे बसणार, सावत्र आईला काय म्हणायचं, ज्या माणसाने लिंगओळख बदलली आहे त्याचं कोणतं नाव आणि कोणते शब्द वापरायचे, हे विचारून लिहून ठेवायचं. दोन भाषांच्या लग्नात प्रत्येक वाक्याचं भाषांतर करत बसलात तर सगळेच कंटाळतात. एक भाग एका भाषेत, दुसरा दुसऱ्या भाषेत, आणि शपथ ज्याची त्याच्या भाषेत, असं केलं की दोन्ही बाजूंना आपली पाळी येते.

शपथांवर मी सगळ्यांत जास्त वेळ घालवते. "मी तुझ्यावर कधीच रागावणार नाही" असं लिहून आलेला नवरा मुलगा मी परत पाठवते. जे आपल्या हातात नाही त्याचं वचन द्यायचं नाही. रागावणं हातात नसतं. रागावल्यावर दार आपटून जायचं की बसून सांगायचं, हे असतं. त्याने मग लिहिलं, "रागावलो तर त्याच दिवशी सांगेन." पाहुण्यांमधल्या वयस्क जोडप्यांनी एकमेकांकडे पाहिलं ते या वाक्याला. बाळाच्या नामकरणातही तसंच. आईवडील आणि बाळासाठी निवडलेली मोठी माणसं जे वचन देतात ते पाळता येण्याजोगं हवं. "तुझ्यासाठी जगातलं सगळं सुख" यापेक्षा "आईबाबांना न सांगता येणारं काही असलं तर माझा फोन उघडा आहे" हे बाळाला पंधराव्या वर्षी उपयोगी पडतं.

प्रतीकं जपून वापरा. मेणबत्ती, वधूवरांचे हात फितीने एकत्र बांधणं, दोन रंगांची वाळू एकत्र ओतणं, रोप लावणं, यातलं काहीही चालतं, पण त्या माणसांशी संबंध हवा. कधी रोपाला पाणी न घातलेल्या जोडप्याला झाड लावायला लावू नये. एका निरोपात गेलेल्या सुतारकाकांचा रंधा आणि एक खडबडीत फळी टेबलावर ठेवली होती, आणि येणाऱ्या प्रत्येकाने एकदा हात मारून जायचं होतं. शेवटी फळी गुळगुळीत झाली आणि जमिनीवर भुशाचा ढीग पडला. ती कल्पना त्यांच्या नातवाची. मला फक्त विचारायचं सुचलं होतं.

आता कायदा. सेलिब्रंटचा समारंभ आणि कायदेशीर विवाह या दोन वेगळ्या गोष्टी असू शकतात, आणि ते ठिकाणानुसार ठरतं. अंत्यनिरोपाला आणि नामकरणाला बहुतेक ठिकाणी कुणाचीच परवानगी लागत नाही, प्रश्न येतो तो लग्नाचा. ऑस्ट्रेलियात 1973 साली तेव्हाचे अ‍ॅटर्नी जनरल लायोनेल मर्फी यांनी धर्मसंस्थेबाहेरच्या माणसांना लग्न लावायचा अधिकार द्यायला सुरुवात केली. आज तिथे सेलिब्रंटला ठरलेलं शिक्षण घेऊन सरकारी नोंदणी करावी लागते, आणि लग्नात कायद्याने सांगितलेली काही वाक्यं उच्चारावीच लागतात. स्कॉटलंडमध्ये मानवतावादी लग्नं 2005 पासून कायदेशीर आहेत, आयर्लंडने 2012 साली कायदा बदलला. इंग्लंड आणि वेल्समध्ये 2020 साली उच्च न्यायालयाने कायद्यात भेदभाव असल्याचं मान्य केलं, तरी त्याने कायदा आपोआप बदलला नाही. तिथली जोडपी नोंदणी वेगळी करून मग आमच्यासमोर उभी राहत आली आहेत.

भारतात 1954च्या विशेष विवाह कायद्याखाली विवाह अधिकाऱ्याकडे तीस दिवसांची नोटीस द्यावी लागते, आणि अधिकाऱ्यासमोर तीन साक्षीदारांच्या उपस्थितीत विवाह होतो. सेलिब्रंटला तिथे कायदेशीर स्थान नाही, पण त्या आधी किंवा नंतर समारंभ करायला आडकाठीही नाही. इथे एक इशारा देते. दोन्ही बाजू हिंदू आहेत म्हणून विधी न करता नुसती हिंदू विवाह कायद्याखाली नोंदणी केली तर ती पुरत नाही. 2024 साली सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की आवश्यक विधी झालेच नसतील तर नोंदणीच्या दाखल्याने हिंदू विवाह वैध ठरत नाही. तेव्हा तुमच्याकडे येणाऱ्या जोडप्याला पहिल्याच भेटीत विचारा, "कागदाचं काय केलंत?" आणि शंका वाटली तर वकिलाकडे पाठवा.

विशेष विवाह कायद्यात मला आवडणारी एक गोष्ट आहे. वधूवरांनी एकमेकांना स्वीकारल्याचं जे जाहीर करायचं, ते त्यांना समजेल अशा कोणत्याही भाषेत, असं तो म्हणतो. तमिळनाडूत 1967च्या दुरुस्तीने स्वाभिमान विवाहांना, म्हणजे पुरोहिताशिवाय लागणाऱ्या लग्नांना, मान्यता मिळाली, त्यातही हीच अट आहे. आणि या कायद्यांच्या पुष्कळ आधी, 24 सप्टेंबर 1873ला पुण्यात जोतीराव फुल्यांनी सत्यशोधक समाज स्थापन केला आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरात पुरोहिताशिवायचं पहिलं लग्न लागलं. फुल्यांचा देव, 'निर्मिक', त्यांच्या विधीत होता, त्यामुळे त्याला आजच्या अर्थाने धर्माशिवायचं म्हणता येणार नाही. पण आपण काय बोलतो आहोत हे बोलणाऱ्याला कळलं पाहिजे, ही मागणी तीच.

प्रशिक्षणाबद्दल. काही देशांत मानवतावादी संघटना स्वतः सेलिब्रंट घडवतात: ब्रिटनमध्ये ह्युमनिस्ट्स यूके, स्कॉटलंडमध्ये ह्युमनिस्ट सोसायटी स्कॉटलंड. ह्युमनिस्ट्स यूकेत निरोप, लग्न आणि नामकरण यांचं प्रशिक्षण वेगवेगळं असतं, कारण ही तीन वेगळी कौशल्यं आहेत. अमेरिकेत ह्युमनिस्ट सोसायटी सेलिब्रंटांना मान्यता देते. जिथे अशी संघटना नाही तिथे प्रमाणपत्र देणारे पुष्कळ ऑनलाइन कोर्स दिसतील. कोर्स निवडताना एकच बघा: तुम्ही लिहिलेली संहिता कुणी ओळीओळीने तपासून परत देणार आहे का, आणि तुम्हाला उभं राहून बोलताना कुणी पाहणार आहे का? नुसते व्हिडिओ आणि शेवटी दाखला असेल तर पैसे वाचवा. मी सर्वांत जास्त शिकले ते मागच्या रांगेत बसून, परवानगी घेऊन दुसऱ्यांचे पंधरा-वीस समारंभ पाहताना. वाईट समारंभांतून जास्त.

सुरुवात लग्नापासून करावी असं बहुतेकांना वाटतं, ती आनंदाची असतात म्हणून. माझं मत उलटं आहे. लग्नात चुका झाकल्या जातात, सगळे हसायलाच आलेले असतात. निरोपाची संहिता तीन-चार दिवसांत, अनोळखी माणसावर, त्याला ओळखणाऱ्या सगळ्यांसमोर उभी करावी लागते. लिहिणं तिथे शिकलं जातं. पण तुमचे मामा नुकतेच गेले आहेत. जवळचं माणूस गेल्यावर निदान वर्षभर दुसऱ्याच्या शोकात शिरू नये, असं मी नव्यांना सांगते. नाहीतर त्यांचं दुःख ऐकता ऐकता आपण आपलंच ऐकू लागतो.

कमाई अनियमित असते, एखाद्या महिन्यात फोनच वाजत नाही. म्हणून पहिली दोन-तीन वर्षं हातातली नोकरी सोडू नका. मी एका दिवसात दोन निरोप घेत नाही. महिन्यातून एकदा आम्ही चार सेलिब्रंट भेटतो आणि नावं न घेता काय जड गेलं ते बोलतो. तो दिवस चुकला की पुढच्या महिन्यात माझी चिडचिड घरच्यांना कळते.

हे वर्ष थांबताना एक काम करा. मामांवर तुम्ही बोललात ती दहा मिनिटं आठवून लिहून काढा. मग तीन माणसांना भेटा, त्यांतलं एक मामांशी न पटणारं असू दे, आणि वरचे प्रश्न विचारा. मग हजार शब्दांत पुन्हा लिहा, प्रत्येक वाक्यापुढे समासात सांगणाऱ्याचं अक्षर टाका, आणि मामींना वाचून दाखवा. त्या मधेच "नाही, तसं नव्हतं" म्हणाल्या तर तिथे थांबा आणि त्या काय सांगतात ते लिहून घ्या.